सुई निंबाजीची, बिडी माझी

सन १९७८. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत मी पेटवलेल्या बिड्यांपैकी निम्म्या निंबाजीच्या सुईनं विझवल्या होत्या.

कोणाला हे खोटं वाटत असेल त्यानं पिंपळगाव राजाला येऊन विचारावं. निंबाजी स्वतः बिडी ओढत नसे. त्याच्या टोपीच्या काठात एक सुई खोचलेली असे, बस. तुम्ही बिडी पेटवून पहिला झुरका घेतला की हा समोर हजर. "किसनभाऊ, जरासा इस्तो दे." इस्तो म्हणजे विस्तव. तुम्ही हो म्हणायच्या आत सुईचं टोक तुमच्या बिडीच्या निखाऱ्यात घुसलेलं. मग डाव्या तळहातावर, डोळ्याला धड दिसणारही नाही असा एखादा कण असायचा, त्याला तो ते तापलेलं टोक लावी आणि नाक खाली नेऊन वास घेई. कण काळा पडून करपला तर निंबाजीचं तोंड उतरायचं. पण कण सुईला चिकटला आणि त्याची बारीक तार निघाली की गडी असा खुलायचा, जणू याच्या घरी पाळणाच हलला.

"जळलं त देवाचं, वितळलं त कारखान्याचं!" असं ओरडून तो कण आगपेटीत बंद करायचा. माझी बिडी तोवर विझलेली.

हा माणूस प्लास्टिकचे कण शोधत हिंडे. आमच्याकडे प्लास्टिकला पन्नी म्हणतात. त्या सुमारास ती गावात नवी नवी आली होती. खताची पोती तागाची यायची ती विणलेल्या पट्ट्यांची यायला लागली. लोकांनी त्या पोत्यांच्या पावसाळी खोळी केल्या, न्हाणीचे आडोसे केले, म्हशीच्या पाठीवरही घातली. सगळं गाव खूश. एकट्या निंबाजीचं पोट दुखलं. म्हणे, "हे सडत नाई, नुसतं झडते. झडलेलं जाते कुठी, सांग बरं मले?"

जाऊ दे ना लेका कुठंही! तुझ्या ताटात तर येत नाही?

"येते," तो म्हणे. "पाह्यत नाई तू."

याचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. खामगावच्या एका जिनिंगमध्ये हा तीस वर्षं नोकरीला होता. काम काय, तर कापसाच्या ढिगापुढं बसून त्यातून केस, सुतळी, पिसं, काडीकचरा वेचून काढायचा. यालाही पगार देतात. तिथं डोळे असे तयार झाले की पांढऱ्या कापसातला पांढरा केस त्याला हातभरावरून दिसे. मात्र समोरून येणारी बैलगाडी दिसत नसे. दोनदा चाकाखाली येता येता वाचला. बायकोही त्याच जिनिंगमध्ये होती. कापसाच्या गर्द्यानं खोकून खोकून गेली बिचारी. मूलबाळ नाही. नोकरी संपल्यावर हा गावी आला, आणि घरी कोणी नसल्यामुळं सगळ्या गावालाच छळायला मोकळा झाला.

त्याची रीत ऐका. आम्ही शेतकरी बी पेरण्याआधी पाण्यात टाकतो. भरलेलं बी बुडतं, पोचट वर तरंगतं. ही बापजाद्यांची रीत. निंबाजीनं ती शेणाला लावली! घमेल्यात पाणी घ्यायचं, त्यात मूठ मूठ मीठ विरघळवायचं, मग कोणाच्या तरी म्हशीचं शेण, नाल्यातला गाळ, गिरणीतलं झाडून काढलेलं पीठ, हाती लागेल ते त्यात कालवायचं आणि उकिडवं बसून वाट पाहायची. माती तळाला जाते, पन्नी वर येते. वर आलेलं फडक्यावर वाळवायचं आणि मग एकेक कण सुईनं भोसकायचा. मी एकदा याच्या घरची भाजी खाल्ली. बिलकूल अळणी. विचारलं, तर म्हणे, "मीठ घमेल्यात गेलं."

सापडलेला कण आगपेटीत जाई आणि पेटीवर चिठ्ठी लागे. ज्याच्या घरी निघालं त्याचं नाव, कशात निघालं, किती निघालं. कोणाची भीडमुर्वत नाही. मी स्वतः वाचलेल्या चिठ्ठ्या सांगतो. 'सरपंच. म्हशीचं शेण. चार.' 'हेडमास्तर. खडूचा डबा. एक.' पुजाऱ्यानं मारोतीला प्लास्टिकच्या फुलांचा हार घातला होता, तर ह्यानं देवळात जाऊन देवाच्या गळ्यातल्या फुलाला सुई टोचली. चिठ्ठी लिहिली, 'मारोती. गळ्यातला हार. सगळाच.'

माझ्या पुतणीच्या लग्नात यानं काय केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिलीच पंगत. नवरदेवाकडची माणसं बसलेली. वरण वाढून झालं. निंबाजीनं वरणात बोट घातलं आणि एक निळा धागा वर काढला. दिसायला किती? तर पापणीच्या केसाएवढा. शेजारी नवरदेवाचे मामा. त्यांना म्हणतो, "पाव्हणे, बिडी असंन त पेटवा जरा."

मामांना वाटलं, माणसाला जेवणाआधी लागत असेल. त्यांनी भल्या मनानं पेटवली. यानं सुई तापवली, धाग्याला लावली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "वितळलं! खताच्या पोत्याचं हाय!"

आचाऱ्यानं डाळ खताच्या धुतलेल्या पोत्यात आणली होती. त्यात काय बिघडलं? सगळेच आणतात. पण मामा पानावरून उठले. "आमाले खताच्या पोत्यातलं जेवाले बलावलं का?" त्यांच्यामागं सगळी पंगत उठली. मी आयुष्यात कोणापुढं हात जोडले नाहीत. त्या दिवशी मामांपुढं जोडले. आणि हा शहाणा? मांडवाच्या कोपऱ्यात बसून चिठ्ठी लिहीत होता. 'किसनभाऊच्या पुतणीचं लग्न. वरण. एक.'

मी म्हटलं, "माहं नाव कायले लिवलं बे?"

"तुह्या घरी निंगालं," तो म्हणाला. "बारीक हाय म्हून सोडू का?"

तरीही तो दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसलाच. मी तासभर शिव्या दिल्या. त्यानं त्या खालमानेनं ऐकल्या आणि शेवटी म्हणाला, "इस्तो दे."

आता माझ्याबद्दल थोडं. मी तिसरी शिकलो, तीही पूर्ण नाही. पण कांद्याच्या बियात माझ्यासमोर कोणी उभं राहायचं नाही. आमचं घर बियाचं. कांद्याला दांडा येतो, दांड्यावर गोंडा येतो, तो गोंडा वाळवून चोळला की काळं बी निघतं. माझ्या वडिलांचं बी लोक डोळे झाकून नेत, माझंही नेत. माझं बी घेतलं आणि उगवलं नाही, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. वडील शेणानं सारवलेल्या खळ्यावर गोंडे वाळवत. मी खामगावहून काळीभोर मोठी पन्नी आणून खळ्यावर अंथरली. गावात पहिली माझीच. माती नाही, खडा नाही, बी आरशासारखं लख्ख. लोक खळं पाहायला येत. मला सांगायला लाज नाही, मी येणाऱ्यांची वाट पाहत बसे.

त्या साली चैत्रात बी निघालं. अठरा गिऱ्हाइकांची अठरा गाठोडी बांधली. माझं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग, म्हणून गाठोड्यांवर नावं निंबाजीनं लिहिली. तो चौथी पास, त्याचं अक्षर गोल. अठराही गाठोडी रवाना झाली. सुपात ओंजळभर बी उरलं होतं. मी ओट्यावर बिडी पेटवली, आत बायको चूल सारवत होती, आणि हा सुपातल्या बियाकडं टक लावून बसलेला.

"वयनी, वाटीभर पानी द्या," तो म्हणाला.

त्यानं बी पाण्यात टाकलं. बहुतेक बुडालं, थोडं तरंगलं. तरंगलेलं त्यानं बोटानं टिपून तळहातावर घेतलं.

"किसनभाऊ, इस्तो दे."

दिला. काय करतो.

"हे पाह्य. पोचट बी. जळलं. कांद्याचा वास आला." सुई पुन्हा माझ्या बिडीत गेली. "आता हे दुसरं पाह्य."

दुसऱ्या कणाची तार निघाली. काळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

"मंग?" मी म्हटलं.

"मंग काय? तुह्या बियात पन्नी हाय. खळ्यावर तीन साल उनात पडली, ते आता झडून राह्यली. बियाएवढाच कन, बियासारखाच काळा. उपनल्यानं उडत नाई, चाळनीत अटकत नाई."

"माह्या बियात?"

"हाव. अठराही गाठोडे वापस बलाव. धुऊन देऊ. कोन्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं त तो म्हनंन, किसननं बियात भेसळ केली."

भेसळ! हा शब्द माझ्या ओट्यावर, माझ्याच बिडीवर सुई तापवून! माझं डोकं फिरलं.

"नीघ," मी म्हटलं. "नीघ माह्या ओट्यावरून. तुह्यासारखा येडा म्हनते म्हून मी गावोगाव सांगू का, माह्या बियात खोट हाय? मी मेल्यावर बलाव वापस."

आतून बायको म्हणाली, "अवो, भाऊजी म्हंतेत त एकडाव पाहून त घ्या."

"तू गप राह्य!"

निंबाजीनं सुई टोपीत खोचली. पायरी उतरता उतरता म्हणाला, "बारीक हाय म्हून सोडू नोको, भाऊ." आणि गेला.

त्यानंतर दीड महिना तो माझ्या ओट्यावर फिरकला नाही. मी बिड्या शेवटपर्यंत ओढल्या. पहिले चार दिवस फार मजेत ओढल्या. पुढंही मजेतच ओढल्या म्हणा, पण जरा लवकर संपत.

वैशाखात त्यानं नवं नाटक काढलं. दर एक-दोन दिवसांनी हा सकाळी एसटीच्या थांब्यावर उभा. डोक्यावर तेलाचा रिकामा डबा, डब्यात काठोकाठ पाणी, डब्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. कंडक्टर ओरडे, लोक अंग चोरून घेत. वैशाखात माणसं घागरभर पाण्यासाठी विहिरीवर ताटकळतात आणि हा पाणी बसमध्ये बसवून गावोगाव मिरवतो! थांब्यावर पाच-दहा माणसं पाहून मी मोठ्यानं विचारलं,

"काऊन बे निंबाजी, सासरवाडीले पानी पाजाले चालला का?"

सगळे खो खो हसले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, "हाव" म्हणाला आणि डबा सांभाळत बसमध्ये चढला. मी चहाच्या टपरीवर जाहीर केलं की याचं डोकं आता पुरतं गेलं. कोणी नाही म्हटलं नाही.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास मी बैल पाहायला जळगाव जामोदच्या बाजाराला गेलो. तिथं माझं जुनं गिऱ्हाईक, दाजीबा. वडिलांच्या वेळेपासून बी आमच्याकडचंच. बाजारात जायच्या आधी त्याच्या घरी डोकावलो. दाजीबानं मला पाहिलं आणि खाटेवरून उठून उभाच राहिला.

"या, या किसनराव! तुमच्यासारखा बीवाला उभ्या वऱ्हाडात नाई."

"ते त हायेच," मी म्हटलं. "पन आज काऊन?"

"बी इकून झाल्यावर ते धुऊन द्याले मानूस धाडते कोन? तुमचा निंबाजी येऊन गेला ना."

"माहा निंबाजी?"

"हाव. म्हने, किसनभाऊनं धाडलं. बियात जरासं पोचट राह्यलं असंन, त्याच्या जिवाले चैन नाई, म्हून अठराही घरी जाऊन धुऊन देऊन राह्यलो. बाप्पा! मी म्हटलं, आमच्या इहिरीवर धुवा. त म्हने, तुमच्या खारपानाचं पानी खारं, त्यानं बियाचा जीव जाते. पिंपळगावहून गोड्या पान्याचा डबा डोक्यावर आनलता त्यानं!"

मी तोंड उघडलं. 'मी नाही धाडलं' हे शब्द जिभेवर होते. पण तोंड आपोआप मिटलं. एकोणसाठ वर्षांत माझं तोंड असं आपोआप कधी मिटलं नव्हतं.

दाजीबा सांगतच होता. "दिवसभर बसला. बी बुडवे, तरंगलेलं टिपे, बाकीचं सावलीत पसरवे. एक कन जमिनीवर पडला त म्हातारा गुडघ्यावर बसून शोधून राह्यला. तरंगलेलं सारं आगपेटीत भरलं अन् घेऊन गेला. जेवाले बसा म्हटलं, त म्हने, किसनभाऊनं बजावलं, गिऱ्हाइकाच्या घरी जेवू नोको."

"तरंगलेलं काय व्हतं, ते इचारलं नाई तुमी?"

"इचारलं ना. पोचट बी, म्हने."

ज्यानं मारोतीच्या गळ्यातला हार सोडला नाही, तो माझ्या पन्नीला पोचट बी म्हणून आला होता. अठरा घरी.

बैल मी पाहिले नाहीत. मिळेल ती एसटी धरून परत निघालो. नांदुऱ्याला गाडी बदलली. हातात बिडी होती, ती गावापर्यंत पेटवायची राहून गेली.

दिवेलागणीच्या आधी निंबाजीच्या खोलीवर पोचलो. इतक्या वर्षांत मी त्याच्या दारात दुसऱ्यांदा जात होतो. एकदा ती अळणी भाजी खायला, आणि आता. तो घमेल्यापुढं उकिडवा बसला होता. मागं भिंतीत लांब फळी. लोकांच्या घरी तिथं भांडी असतात, याच्याकडं आगपेट्या. सगळ्यांच्या नावानिशी. वरच्या अंगाला एक वेगळी रांग होती, नव्या पेट्यांची. मी मोजल्या. अठरा.

मला वाचायला वेळ लागतो. अक्षराला अक्षर जोडत मी वाचलं. 'जळगाव जामोद. कांद्याचं बी. काळी पन्नी. सत्तावीस.' दुसरी घेतली. 'हिवरा आश्रम. कांद्याचं बी. काळी पन्नी. एकोणीस.' तिसरी घेतली, चौथी घेतली. गाव होतं, बी होतं, पन्नी होती, आकडा होता. ज्याच्या घरचं बी त्याचं, म्हणजे माझं, नाव एकाही पेटीवर नव्हतं.

"नाव काऊन नाई लिवलं बे?"

त्यानं मान वर केली नाही. घमेल्यातलं पाणी काडीनं ढवळत राहिला. "शाई सरली व्हती."

"अठराही डाव?"

"हाव."

"माह्या पुतनीच्या लग्नात त मोठी व्हती शाई!"

"तवा व्हती."

मी उभाच होतो. त्यानं बस म्हटलं नाही, कारण बसायला एकच पोतं होतं आणि त्यावर शेण वाळत पडलेलं होतं.

"येवढं कायले केलं?" मी विचारलं. विचारलं कसलं, खेकसलोच.

त्यानं काडी घमेल्याच्या काठावर ठेवली. "टोपीतली सुई दिसली का लोक दरवाजे लोटून घेतेत, भाऊ," तो म्हणाला. "गावात एकच ओटा हाय, जिथी मले शिव्या देतेत अन् बसूही देतेत. त्या ओट्याले कोनी भेसळीचा ओटा म्हटलं, त मी बसू कुठी?"

"तू येडाच हायेस," मी म्हटलं.

"हाव."

मी घरी आलो. मी त्याची माफी मागितली असं कोणी समजू नये. तशी सवय मला नाही आणि त्यालाही ती पेलली नसती. घरी आल्यावर खळ्यावरची पन्नी उचलायला गेलो, तर धरलेला कोपरा चुरा होऊन हातात आला. तो चुरा मी फेकला नाही, धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला खळं शेणानं सारवायला सांगितलं आणि शाळेपुढच्या दुकानातून शाईची दौत आणि टाक घेऊन निंबाजीच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. अठराही पेट्या खाली काढायला लावल्या. प्रत्येकीवर माझ्या हातानं, माझ्या मुंगळ्यांसारख्या अक्षरात, माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. तो टोपीतल्या सुईशी चाळा करत पाहत उभा होता. शेवटच्या पेटीवरची शाई वाळली, तसा मी सोगा सोडून तो काळा चुरा त्याच्या तळहातावर ठेवला, बिडी पेटवली आणि दुसरा झुरका न घेता त्याच्या सुईपुढं धरली.